भिंतीवरच्या गऱ्या

अल्लाहच्या नावाने.

मी, श्रीमती अन्वरी रफिक सरखोत, माहेरची परकार, वय सेहेचाळीस, धंदा मासे गरवण्याच्या सामानाचे दुकान, राहणार अल मजाज, शारजा, मूळ गाव रत्नागिरीजवळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. धीर शाबूत आहे असे मात्र मला लिहिता येणार नाही.

कारण सांगणे भाग आहे. येत्या शनिवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसणार आहे. बरोबर माझी मुलगी एमान असेल आणि होडी तिच्या अब्बांची, म्हणजे माझ्या मरहूम नवऱ्याची असेल. मी समुद्राकाठी जन्मले, समुद्राच्या सामानावर जगले, पण मला पाण्याची भीती वाटते. घरासमोरच्या खालिद लगूनच्या कडेने चालतानासुद्धा मी दुकानांच्या बाजूला राहते. आत्ता भरदुपारी, दुकानात एसी चालू असताना, माझ्या तळहाताला घाम आहे आणि पेन दोनदा निसटले आहे. शेजारच्या कुमुदला मी हे मृत्युपत्राचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अगं अन्वरी, होडीत चाललीयस की चंद्रावर?" मी हसले. ती गेल्यावर वकिलांना फोन लावला.

कलम १. वारस.

एमान माझ्या पोटची नाही. ती रफिकच्या पहिल्या बायकोची. ती बाई देवाघरी गेली तेव्हा एमान अजून धड बोलतही नव्हती. आज ती बावीस वर्षांची आहे आणि मला अम्मी म्हणते, पण शरियतच्या हिशोबात ती माझी वारस नाही. माझा वारस माझा धाकटा भाऊ अबरार, राहणार खलिफा सिटी, अबुधाबी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रत्नागिरीचे घर, आंब्याची बाग आणि बँकेतली ठेव त्याची. कायद्याने एक तृतीयांश मी माझ्या मर्जीने देऊ शकते. त्या तृतीयांशात हे दुकान बसते, असे वकिलांनी बघून सांगितले आहे. दुकान, त्यातला सगळा माल, आणि पाटीवरचे नाव एमानला.

अबरारला हे आवडणार नाही. मागच्या ईदला जेवणाच्या ताटावर तो म्हणाला होता, "आपा, कुणासाठी चालवतेस ते दुकान? ती तुझ्या रक्ताची नाही. यल्ला, विकून टाक. बास मासा ज्या देशात नाही, त्या देशात बासच्या गऱ्या विकतेस, याला धंदा म्हणतात का?"

एमान शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मामू, पीपल बाय ट्रेडमिल्स ऑल्सो." सगळे हसले, अबरारही. पण "ती तुझ्या रक्ताची नाही" हे वाक्य तिने ऐकले होते. अबरार, ते वाक्य मी माफ करते. दुकानात आपल्या बाबांचा हातगळ आहे, लाकडी रिळावर तंगुसाचा दोर गुंडाळलेला. तो तुला. लहानपणी तू तो चोरून जेटीवर न्यायचास आणि मी तुझ्यासाठी खोटे बोलायचे. वारसा म्हणजे काय, ते तंगूस सोडवताना आठवून बघ.

कलम २. दुकान कसे चालवावे.

एमान इन्स्टाग्राम उत्तम चालवते. पण गऱ्हाईक समोर उभे राहिले की गडबडते आणि सरळ महागडे रीळ काढते. म्हणून लिहिते.

पोरे अमेरिकेचे व्हिडिओ बघून येतात. "आंटी, बास सेटअप चाहिए." त्यांना हसू नये. तो मासा गोड्या पाण्याचा, तळ्यातला. त्याची गरी, म्हणजे मासे धरायची काठी, हलकी, रीळ बोटभर, आणि आपल्या खाऱ्या पाण्यात ते रीळ दोन महिन्यांत गंजून किरकिरायला लागते. हे त्यांना सांगावे आणि मगच दुसरे दाखवावे. रीळ आधी विकू नये. आधी गरी, तिच्या बेताचे रीळ, त्याच्या बेताचा दोर, आणि सगळ्यात शेवटी बनावट मासा, ज्याला सगळे लूर म्हणतात. गरीच्या दांडीवर किती वजनाचा लूर झेपेल ते छापलेले असते. गऱ्हाइके ते वाचत नाहीत. लूरचा रंग गऱ्हाइकाला आवडतो तो असतो. माशाला आवडणारा बहुतेक वेळा तारलीच्या पोटासारखा, साधा, रुपेरी.

पण या सगळ्याआधी एकच प्रश्न. कुठे गरवणार?

जेटीवरून की कातळावरून? किनाऱ्यावरून की होडीतून? आपल्या बाजूच्या उथळ पाण्यात की डोंगरापलीकडे फुजैरा-दिब्बाच्या खोल पाण्यात? जागा कळल्याशिवाय गरी निवडता येत नाही. माझ्या बाबांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. गेली वीस वर्षे मी दिवसभर हाच प्रश्न विचारते आहे. हिंदीत, इंग्रजीत, मोडक्या अरबीत.

रफिकलाही तोच विचारला होता. तो गऱ्हाईक म्हणून आला, रायगडचा माणूस, बोट धरून आठ वर्षांची एमान. मी विचारले, "कुठे गरवणार?" तो म्हणाला, "आज अजमानच्या जेटीवर. पुढचं तुम्ही सांगाल तिथं." मी बत्तीस वर्षांची, लग्नाचे वय उलटलेली म्हणून नातेवाइकांनी सोडून दिलेली. मी त्याला महागडे रीळ दिले नाही. म्हटले, "तुमच्या मनगटाला जड होईल." तो पुढच्या आठवड्यात परत आला. त्याच्या पुढच्यातही आला.

गऱ्हाईक होता तोवर त्याला "कुठे?" असे विचारता येत होते. नवरा झाल्यावर विचारता येईना.

कलम ३. रफिकच्या गऱ्या, आणि त्या भिंतीवर का आहेत.

आमच्याकडे कोकणात समुद्रावर निघालेल्या माणसाला "कुठे?" म्हणून विचारत नाहीत. नाट लागते, अपशकुन होतो. माझ्या सासूबाईंनी तर हा नियम घरात फरशीसारखा बसवला होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, रफिक सामान उचलून निघाला आणि माझ्या तोंडून सवयीने गेले, "कुठे आज?" सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या. हातातले सुपारीचे तबक खाली ठेवून म्हणाल्या, "नाट लावू नको गो. दर्यावरच्या माणसाला येतो म्हणू दे, आणि तू ये म्हण. तेवढं पुरे." रफिकने गरी भिंतीला टेकवली, घोटभर पाणी प्याला, थोडे बसून मगच निघाला. त्यालाही ते खरे वाटत होते. पुढे मलाही वाटू लागले.

मग मी दुसरी रीत शोधली. त्याच्या गऱ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर खुंट्यांना असत, आणि लूर खालच्या खणात. तो गेला की मी भिंत बघायची. लांब गरी नाही आणि पाण्यावर उड्या मारणारे लूर नाहीत, म्हणजे कातळावर. खणातले तारेचे तुकडे गेलेत, म्हणजे सुरमई. तिचे दात दोर कापतात. आखूड जाड गरी गेली आणि शिशाचे जड लूर गेले, म्हणजे डोंगरापलीकडचे खोल पाणी. मी मनात जागा ठरवायची आणि मग कामाला लागायची. मला न विचारता कळत होते. नाट लागत नव्हती. मला वाटायचे, केवढी हुशार आहे मी.

दोन हिवाळ्यांपूर्वी रफिक होडी गाडीला जोडून निघाला, "येतो" म्हणाला, मी "या" म्हटले. अस्रची नमाज झाली, मगरिबची झाली, फोन लागेना. पोलिसांत गेलो. ड्युटीवरचा अधिकारी चांगला होता, त्याने खुर्ची दिली. त्याचा पहिला प्रश्न: "सिस्टर, कौनसा साइड? कहाँ गया?"

त्याच वेळी गावाहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना कुणीतरी कळवले होते. फोन एमानने घेतला आणि स्पीकरवर टाकला. सासूबाई ओरडत होत्या, "कुठे गेला तो? अगो, कुणी सांगा, कुठे गेला?"

ज्यांनी नियम घातला त्यांनीच पहिल्यांदा मोडला.

मी दुकानात आले आणि भिंत वाचली. आखूड गरी नव्हती, जड लूर नव्हते, आणि पाण्यावर उड्या मारणारा एक लूरही गेलेला होता. खोल पाणी, पण जवळ कातळ. मी पोलिसांना फोन करून सांगितले, दिब्बा. गाडी दिब्बाच्या बंदरात सापडली, होडी कातळांच्या पलीकडे. तो होडीतच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले, दुपारीच कधीतरी. लवकर कळले असते तर? त्यांनी खांदे हलवले. त्या हलवलेल्या खांद्यांसकट मी रोज झोपते.

या गऱ्या, रिळांसकट, एमानच्या. त्या तिच्याच होत्या. मी फक्त त्यांचा पहारा केला.

आणि पहारा अजून चालू आहे, हेही लिहिते. एमान कातळांवर गरवायला जाऊ लागल्यापासून ती दाराबाहेर पडली की मी भिंतीपाशी जाते. उन्हाळ्यात एकदा ती गाडीची चावी विसरून परत आली आणि मला खुंट्या मोजताना तिने पाहिले. चावी उचलली. मग म्हणाली, "अम्मी, यू नो यू कॅन जस्ट आस्क मी."

मी म्हटले, "काय विचारायचं त्यात? ये म्हटलं ना."

ती म्हणाली, "अब्बालाही तू ये म्हटलं होतंस."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला उत्तर देता आले असते.

कलम ४. बासची गरी.

रफिककडे बासची एक गरी होती. जपानहून मागवलेली, हलकी, टोकाला वेलीसारखी लवणारी, तिला साजेसे छोटे रीळ. इथल्या पाण्यात तिचा उपयोग नाही, हे त्याला माझ्याइतकेच माहीत होते. तो म्हणायचा, "बास म्हणजे आपल्या जिताड्याचाच चुलतभाऊ. रिटायर झालो की गावच्या खाडीत, तिवरांच्या मुळांशी, याच गरीने जिताडा काढतो की नाही बघ." रायगडच्या माणसाला जिताड्याचे नाव काढले की डोळे मिटून बोलायची सवय असते. ती गरी कधी पाण्याला लागली नाही. भिंतीवर सगळ्यात वरच्या खुंटीला असायची.

ती एमानने गावी न्यावी, खाडीत न्यावी, आणि जिताडा मिळालाच तर पहिला तुकडा आजीला द्यावा, अशी माझी इच्छा होती. असे वाक्य मी मनात तयार करून ठेवले होते. पण आज लिहायला बसले तेव्हा भिंत बघितली. ती गरी खुंटीवर नाही.

बाकी सगळे जागेवर आहे. आखूड गरी आहे, लांब गरी आहे, तारा आहेत, जड लूर आहेत. फक्त बासची गरी नाही.

जी गरी या मुलखात कुठल्याच पाण्याला चालत नाही, ती घेऊन ही पोर मला कुठे नेणार आहे? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही भिंत मला काही सांगत नाही. मी पाणी प्याले. पुढे लिहिते.

मंगळवारी एमान होडी दुरुस्तीहून घेऊन आली. म्हणाली, "अम्मी, सॅटर्डेला होडी काढते. इंजिन एकदम नवं केलंय." मला तो प्रश्न विचारायचा होता. तोंड उघडले. जिभेवर सासूबाईंचे तबक ठेवल्यासारखे झाले. आणि माझ्या तोंडून निघाले, "मी पण येते."

एमान बघतच राहिली. मीही. एक शब्द विचारण्यापेक्षा मला समुद्रात जाणे सोपे वाटले, हे कुणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ५. सासूबाई.

माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या, ज्या लग्नात सासूबाईंनीच घातल्या होत्या, त्यांच्या त्यांना परत. त्या हयात आहेत, ऐंशी पार आहेत. एमानला दर जुम्म्याला फोन करतात. मला करत नाहीत. मला बोलायला त्यांच्याकडे काय उरले असेल? त्या मला दोष देत नाहीत आणि मी त्यांना देत नाही, पण आमच्या दोघींच्या मधे तो एक शब्द बसलेला आहे. बांगड्यांबरोबर एवढा निरोप द्यावा, की अन्वरीने नियम मोडायचे ठरवले होते. मोडला की नाही, ते खाली कळेल.

कलम ६. गुलाबी कोळंबी.

गल्ल्याच्या खणात गुलाबी रबराची कोळंबी आहे. रफिक पहिल्यांदा आला त्या दिवशी एमानने ती मुठीत धरली आणि सोडेना. कोळंबीला गळ होता. मी पकडीने गळ काढला, टोक उरले नाही ना ते माझ्याच अंगठ्यावर घासून बघितले, आणि मग तिला दिली. ती वर्षानुवर्षे दप्तराला लटकत होती. कॉलेजात गेल्यावर तिने ती मला परत दिली, "कीप इट सेफ" म्हणून.

ही एमानला. तिने हिला गळ बसवावा. त्याशिवाय ती मासा धरणार नाही, आणि ती खेळणे म्हणून बनलेली नाही. हे मला लिहायला फार जड गेले.

कलम ७. आम्ही दोघी परत न आलो तर.

वकिलांनी विचारले, "मॅडम, दोघी एकाच होडीत. सेम टाइम काही झालं तर वसियत कुणाकडे?" किती सहज विचारले. फोन ठेवून मी मोरीत जाऊन तोंड धुतले.

तसे झाले, तर एमानला लिहिलेले सगळे कुमुदची लेक इशिता हिला. ती मासे खात नाही, खाणारही नाही, म्हणून लोभाने काही करणार नाही. तिने दुकान विकावे. रफिकच्या गऱ्या विकू नयेत. ज्याला हव्या असतील त्याला द्याव्यात, पण देण्याआधी कुठे गरवणार हे विचारावे, आणि त्याच्या घरी कुणाला ती जागा ठाऊक आहे का, तेही. नसेल तर देऊ नये.

कलम ८. व्यवस्था.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम कुमुद चंद्रहास टिपणीस हिने करावे. ती बडबड करते पण काम अर्धवट सोडत नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझी नमाज-ए-जनाजा इथेच व्हावी, रफिकच्या शेजारी जागा असेल तर तिथे. मी पाण्यात गेले तरी मला कोरड्या जमिनीत ठेवावे.

हा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. चंद्रहासभाऊंनी आपल्या खानावळीचे काम सोडून येऊन ऐकला, चष्मा पुसला आणि सही केली. खैरुद्दीनभाई, आमच्या रांगेतले शिंपी, म्हणाले, "बाजी, कपडे का नाप लेते वक्त भी इतना नहीं डरते लोग." आणि सही करायला वाकले.

साक्षीदार:
चंद्रहास विनायक टिपणीस, अल मजाज
खैरुद्दीन अब्दुल रझाक, अल मजाज

लिहून ठेवणार: अन्वरी रफिक सरखोत

ठिकाण: अल मजाज, शारजा
दिनांक: गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर.

सह्यांची शाई वाळत होती तेवढ्यात एमान आली. खांद्यावर ती बासची गरी. मुठीचा कॉर्क कापून आखूड केलेला. म्हणाली, "अम्मी, हात दे. लेट मी सी." माझ्या मुठीत गरी दिली आणि मनगट कसे वाकते ते बघू लागली. "अजून हेवी वाटते का? तुझ्या मनगटाला जड नको."

माझ्या मनगटाला. तिच्या बापाला मी हेच म्हणाले होते. ती तेव्हा तिथेच उभी होती, मुठीत कोळंबी घेऊन.

मी म्हटले, "एमान."

"हं?"

"शनिवारी आपण कुठे चाललोय?"

खैरुद्दीनभाईंनी पेनाचे टोपण लावता लावता हात थांबवला. चंद्रहासभाऊ कोकणातलेच, ते खाली फरशीकडे बघू लागले. शब्द पूर्ण निघाला होता. छत पडले नाही. एसी चालू होता.

एमानने गरी काउंटरवर ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "फायनली," म्हणाली. मी सांगितले, तोंडी नको, इथे लिही. तिच्या अब्बांनी शिकवलेल्या मोठ्या, सुट्या अक्षरांत तिने खाली लिहिले आहे. तो या मृत्युपत्राचा भाग समजावा. भीती अजून आहे. ती कुणाला दिलेली नाही.

उम्म अल कुवैन. खाडीत, तिवरांच्या आत. बाहेरच्या समुद्रात नाही. पाणी अम्मीच्या कमरेइतकं. होडी बांधून ठेवणार. कुमुद आंटीला लोकेशन पाठवलं आहे. दादीला पण फोन करून सांगितलं.
दुपारच्या नमाजाआधी परत. दोघी.
एमान